पानं सोडा, कार्डं घ्या : जळगावच्या भाषणलेखक जोडीच्या सेवेचं परीक्षण

भाऊंसाठी, दादांसाठी, आबांसाठी भाषण लिहून देणारी माणसं खान्देशात पूर्वीही होती. शाळेतले मराठीचे सर, तालुक्याचा वार्ताहर, नाहीतर कार्यालयातला बरं अक्षर असलेला एखादा कार्यकर्ता. पावती फाडून भाषण वेगळं आणि विनोद वेगळा विकणारी पंचविशीतली पोरं हा प्रकार मात्र नवा आहे. इथं ज्या सेवेबद्दल लिहायचं आहे ती जळगावातल्या दोघांची. एक भाषण लिहितो, दुसरा फक्त 'पंच', म्हणजे हशाच्या ओळी, लिहितो. नाव देत नाही, कारण खाली तक्रारी बऱ्याच आहेत आणि पोरांची अजून उमेदवारी चालू आहे (जुन्या अर्थाची, निवडणुकीतली नव्हे).

निकाल आधीच सांगून टाकतो. लांब भाषणाची पानं ठीकठाक. विनोदाची कार्डं फार चांगली. आणि सभेच्या आधी गावात जाऊन येणं, ज्याला ही मंडळी 'रेकी' म्हणतात, तेवढ्यासाठी पूर्ण पैसे द्यावेत. अडचण अशी की दरपत्रकात रेकी सगळ्यात खाली आहे, 'ऐच्छिक' म्हणून.

एका सभेच्या पाकिटात येतं ते असं : दहा मिनिटांचं मुख्य भाषण, त्याचीच चार मिनिटांची आवृत्ती, पाच विनोद-कार्डं, मंचावरच्या नावांची चिठ्ठी आणि एक 'खिशातलं पान'. हे शेवटचं पान हुशारीचं आहे. पाऊस आला, वीज गेली, मुख्य पाहुणे दीड तास उशिरा आले, सकाळी समोरच्यानं काही आरोप केला, अशा वेळी बोलायच्या दहा-बारा ओळी त्यावर असतात. चार मिनिटांची आवृत्तीही वाया जात नाही. एप्रिल-मे मध्ये भुसावळ-रावेरकडे पारा ४५च्या आसपास असतो, तेव्हा दुपारच्या मंडपात दहा मिनिटं ऐकून घेणारा श्रोता फक्त पहिल्या रांगेत, कुलरसमोर सापडतो.

मुख्य भाषणाच्या लांबीवर या जोडीशी आधीच बोलून घ्या. मैदानावर मराठी मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्दांच्या वर गेली की मागच्या लोकांना नुसती गुणगुण ऐकू येते. टाळ्या आणि थांबे धरले तर दहा मिनिटांना आठशे ते नऊशे शब्द पुष्कळ होतात. यांचा पहिला मसुदा हमखास चौदाशेच्या घरात येतो. लिहिणारा तो मनातल्या मनात वाचून बघतो, म्हणून असं होतं. मसुदा हातात आला की कार्यालयातल्या कुणाला तरी उभं राहून, मोठ्या आवाजात, घड्याळ लावून वाचायला सांगा. तेरा मिनिटं लागली तर तिथंच परत पाठवा. नंतर मंचावर पानं गाळायची वेळ आली की नेता नेमकं कामाचं पान गाळतो.

एक गोष्ट मात्र ही पोरं मन लावून करतात. काम घेताना नेत्याच्या जुन्या भाषणांची तीन रेकॉर्डिंग मागतात आणि एका श्वासात तो किती शब्द बोलतो ते मोजतात. वाक्यं त्या मापानं तोडलेली येतात. साठी ओलांडलेला, दिवसाला सहा सभा करणारा माणूस सकाळी एका दमात बारा शब्द बोलत असेल तर रात्रीच्या सभेत तो सात-आठांवर येतो. म्हणून रेकॉर्डिंग देताना एक तरी दिवसाच्या शेवटच्या सभेचं द्या. त्यातूनच कोणत्या जोडाक्षरावर जीभ अडखळते तेही त्यांना कळतं. 'सर्वसमावेशक'च्या जागी 'सगळ्यांना धरून' आलं, 'प्रत्युत्तर' जाऊन 'जबाब' आला, हे असल्या मोजणीचं फळ. नेत्याचं नेहमीचं पालुपदही ते काढून टाकत नाहीत. 'काय म्हणतो मी' हे दर चार वाक्यांनी येणार असेल तर त्याची जागाच आखून देतात. म्हणजे ते चुकीच्या ठिकाणी पडत नाही.

आता भाषणाचा मजकूर. इथं माल साच्यातला आहे. फैजपूरचं १९३६चं काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं, हा उल्लेख यावल-रावेर पट्ट्यात शोभतो. तोच परिच्छेद नंदुरबारच्या मेळाव्यात तसाच आला तर लोक एकमेकांकडे बघतात. तिथं १९४२चा बालहुतात्मा शिरीषकुमार घराघरात आहे, त्याला सोडून फैजपूर कशाला? अमळनेरला साने गुरुजी येणारच, त्याबद्दल तक्रार नाही, पण ज्या शाळेत ते शिकवत होते त्या प्रताप हायस्कुलाचं नाव सोडून नुसतं 'या पवित्र भूमीत' लिहिणं हा आळस आहे. बहिणाबाईंच्या ओळींचंही तेच. त्यांच्या माहेरच्या, आसोद्याच्या, आसपासच्या सभेत ओळीतला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर पहिल्या रांगेतली आजीच दुरुस्त करते, माईकशिवाय. ओळ घालायचीच तर छापील पुस्तकातून ताडून घ्या. मोबाइलवर फिरणारे पाठ निम्मे बिघडलेले असतात.

अत्र्यांची 'गेल्या दहा हजार वर्षांत' ही मोजणी तर आता बंदच करा. अत्र्यांच्या तोंडी ती अतिशयोक्ती होती. जिल्हा परिषदेच्या गटात ती ऐकली की लोकांना वाटतं, यांना खरंच असं वाटतंय.

आणखी एक खूण सांगतो. काही परिच्छेद यंत्राकडून लिहून घेतलेले असतात आणि ते लगेच ओळखू येतात. 'विकास हा केवळ शब्द नसून ती एक भावना आहे' अशी वाक्यं पारोळ्याच्या बाजारात कोणी बोलत नाही. पिकाचं नाव नाही, गावाचं नाव नाही, आकडा नाही, असा परिच्छेद दिसला की समजा. मुख्य भाषणाच्या दर चार पानांत असा एखादा तरी सापडतो. त्यावर लाल रेघ मारून पाठवली की मुकाट्यानं बदलून देतात. वाद घालत नाहीत, हे कबूल.

पैसे वसूल होतात ते कार्डांवर.

कार्ड पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं, साधारण सहा बाय चार इंच, जाड पिवळट कागदाचं. पांढरा कागद उन्हात चकाकतो आणि वाचता येत नाही, म्हणून रंग पिवळा. चार-पाच ओळी, मोठी ठसठशीत अक्षरं. एक तिरपी रेघ म्हणजे छोटा थांबा, दोन रेघा म्हणजे पूर्ण थांबा, आणि शेवटचा शब्द अधोरेखित. तळाशी लहान अक्षरात सूचना. पाणीयोजनेवरचं एक अहिराणी कार्ड जसंच्या तसं देतो ('शे' म्हणजे 'आहे') :

टाकी शे /
पाइप शे /
तोटी शे //
पानी?

तळाशी लिहिलंय : 'थांबा. लोक बोलतील. तीन मोजेपर्यंत बोलले नाहीत तर हसू नका, पुढच्या मुद्द्यावर जा.'

या चार ओळींत सगळी कारागिरी आहे. मराठीत विनोद लिहिताना मोठी अडचण क्रियापदाची. आपलं वाक्य 'आहे', 'होतं', 'झालेलं आहे' यावर संपतं. हशा ज्या शब्दावर यायचा त्याच्यामागे ही शेपटी लोंबत राहिली की लोक हसायला तोंड उघडतात आणि नेता अजून बोलतोय म्हणून मिटतात. 'योजनेचं तीनदा उद्घाटन झालेलं आहे' यावर कोणी हसत नाही. 'गावाला पाणी आलं एकदा, आणि योजनेचं उद्घाटन झालं तीनदा' यावर हसतात. मुद्दा तोच, पण 'तीनदा' शेवटी गेला. पंच लिहिणाऱ्या पोराला हे नेमकं कळतं आणि तो क्रियापद आधी उरकून टाकतो किंवा गाळतोच. वरच्या कार्डात तर 'नही' हा शब्द लोकांच्याच तोंडी ठेवलाय. लोकांनी स्वतः म्हटलेला शब्द पडत नाही.

केळीच्या पट्ट्यासाठीचं दुसरं कार्ड हवामानावर आधारित फळपीक विम्याबद्दल आहे. या विम्यात नुकसान ठरतं ते महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून, प्रत्येकाच्या बागेतल्या तापमानावरून नाही. कार्ड म्हणतं : 'ऊन पडलं आमच्या वावरात / आणि थर्मामीटर // शेजारच्या शिवारात.' ज्याची बाग करपली आणि विमा नाकारला गेला तो माणूस यावर हसतो आणि मान हलवतो, दोन्ही एकदम. कापसाचं कार्डही असंच घरातलं आहे : 'भाव येईल म्हणून कापूस झोपला घरात / आणि घरधनी // ओट्यावर.' ज्यांच्या घरात मार्चपर्यंत कापूस पडून असतो आणि अंगाला खाज सुटते, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. शहरातल्या सभेत हेच कार्ड थंड पडतं. कार्डाच्या मागच्या बाजूला कुठं चालेल, कुठं नाही हे पेन्सिलीनं लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय नेत्याच्या हातात देऊ नका.

थांब्याच्या त्या दोन रेघांमागे भोंग्याचं गणित आहे. मैदानाच्या टोकाला शंभर मीटरवर भोंगा असेल तर त्याचा आवाज मंचावर पाव सेकंदाहून उशिरा परत येतो. नवख्या नेत्याला स्वतःचाच आवाज मागून ऐकू येतो, तो गडबडतो आणि भरभर बोलायला लागतो. त्यात हशा पुढच्या रांगेपासून मागे सरकत जातो. तो मागे पोचायच्या आत पुढचं वाक्य सुरू झालं की मागचे लोक हसणं सोडून ऐकायला लागतात, आणि पुढच्या विनोदाला आधीच सावध होतात. दोन ते तीन सेकंद थांबणं मंचावर फार लांब वाटतं, खाली बसलेल्याला अजिबात नाही. शिवाय भोंग्यात स, श, फ ही अक्षरं विरघळतात. हशाचा शब्द 'ट', 'ड', 'क', 'प' अशा ठोक्याचा असला तर शेवटपर्यंत जातो. हे त्या पोराला कोणी शिकवलं माहीत नाही, पण त्याच्या बऱ्याच कार्डांत ते दिसतं.

अमेरिकेत या कामाला राजमान्यता आहे. ओबामांचा मुख्य भाषणलेखक जॉन फॅव्हरो २००९ साली २७ वर्षांचा होता, आणि दरवर्षी पत्रकारांच्या मेजवानीत ओबामा जे विनोदी भाषण करत त्यावर काम करणारा जॉन लव्हेट त्याच्याहूनही लहान. तिथला श्रोता मात्र खुर्चीत बसलेला, पोट भरलेला आणि हसायलाच आलेला. आपल्याकडे ताडपत्रीवर बसलेल्या बाईच्या मांडीवर पोर आहे, शेजारी शेंगदाणे विकणारा ओरडतोय आणि तिला सहा वाजता म्हशीची धार काढायची आहे. म्हणून तिकडच्या धर्तीवर एका भाषणात वीस विनोद कोंबायची फर्माईश करू नका. दहा मिनिटांत तीन, फार तर चार. पाच कार्डं देतात ती त्यातून निवडायला, सगळी वाचायला नाही.

बोलीच्या बाबतीत पंचवाला पक्का, भाषणवाला कच्चा. अमळनेर, पारोळा, धुळे, शिंदखेडा, साक्री या पट्ट्यात अहिराणी आहे. रावेर, यावल, भुसावळकडे लेवा बोली, जामनेर-बोदवडकडे तावडी. बाहेरच्याला हे सगळं एकच वाटतं आणि तिथंच घोटाळा होतो. अहिराणी आणि लेवा दोन्हीकडे 'ळ'चा 'य' होतो, केळीची केयी होते, शाळेची शाया होते, पण 'गावनं पानी' म्हणणारा अहिराणी आणि 'गावचं पानी' म्हणणारा लेवा. 'शे' हे अहिराणी 'आहे'. फैजपुरात उभं राहून 'शे' म्हटलं तर टाळी मिळेल, पण पाहुण्याला मिळते तशी. पंचवाला दोन वेगळी कार्डं बनवतो. भाषणवाला सगळीकडे सुरुवातीला दोन अहिराणी वाक्यं डकवतो आणि पुढं पुण्याची प्रमाणभाषा. लोणच्याची फोड तोंडाला लावून पुढं बिनमिठाचं वरण वाढल्यासारखं होतं ते. नेत्याला बोली येत नसेल तर ती वाक्यं सरळ काढा. बोलीत अडखळणारा नेता आपली टिंगल करतोय असं लोकांना वाटतं आणि त्यांचं फारसं चुकतही नाही.

नंदुरबार जिल्ह्यासाठी, विशेषतः धडगाव-अक्कलकुव्याकडे, ही सेवा घेऊच नका. जिल्ह्यातल्या चारही विधानसभा जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, आणि सातपुड्यातल्या सभेत पावरी किंवा भिली बोलणारा दुभाष्या उभा असतो. नेता बोलतो, मग दुभाष्या. शब्दावर बेतलेला विनोद मधल्या मध्ये मरतो. प्रसंगावर बेतलेला टिकतो, पण हशा दुभाष्याला मिळतो. या जोडीला यातलं काही येत नाही आणि तसं ते सांगतही नाहीत, ही माझी मोठी तक्रार. तिथं स्थानिक शिक्षक किंवा दुभाष्यालाच आदल्या दिवशी बसवून घ्यावं. भाषण निम्म्या लांबीचं ठेवावं, कारण प्रत्येक वाक्याला दुप्पट वेळ लागतो.

कोणावर हसायचं याची त्यांची शिस्त चांगली आहे. पाच कार्डांत तीन नेत्याच्या स्वतःवर असतात : त्याचं पोट, त्याचा उशीर, त्याच्या गाडीच्या काचा. एक परिस्थितीवर, एक समोरच्या पक्षावर. जात, दुसऱ्याचं शरीर, बायका, आणि समोर बसलेले लोक यांवर एकही नाही. नेते मंडळी इथं फार कटकट करतात. 'माझ्यावर कशाला, त्याच्यावर लिहा ना' हे वाक्य ठरलेलं. ऐकू नका. भरीत-पार्टीत मित्रांना हसवणारा विनोद आणि सभेतला विनोद यांत मोबाइलचं अंतर आहे. सभेतलं कुठलंही वाक्य तीस सेकंदांच्या तुकड्यात कापून फिरतं, मागचा-पुढचा संदर्भ गळतो आणि उरतो तो नुसता टोमणा. म्हणून प्रत्येक कार्ड नेत्याला देण्याआधी त्यातली फक्त शेवटची ओळ सुटी वाचून बघा. ती एकटी वाईट वाटत असेल तर कार्ड फाडा.

निवडणुकीच्या काळात कायद्याकडेही बघावं लागतं, आणि इथं ही पोरं बेफिकीर आहेत. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१च्या कलम १२३नुसार धर्म, जात, भाषा यांच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट मार्ग ठरतो, आणि समोरच्या उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं विधान करणंही. 'गंमत केली' हा बचाव निवडणूक याचिकेत तोकडा पडतो. आदर्श आचारसंहिताही खासगी आयुष्यावर टीका नको म्हणते. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास जाहीर सभा बंद, रात्री १० नंतर भोंगा बंद. दिवसाच्या शेवटच्या सभेचं भाषण त्यामुळे पावणेदहाला संपेल असं मोजून घ्या, नाहीतर पोलीस माईक बंद करतात तो नेमका समारोपाला. अर्ज भरल्यापासून निकालापर्यंत या जोडीला दिलेले पैसेही उमेदवाराच्या खर्चात धरावे लागतात. विधानसभेला ती मर्यादा ४० लाखांची आहे. एकाच माणसाला दहा हजारांच्या वर रोख देता येत नाही, त्यामुळे बँकेतून द्या आणि पावती खर्चाच्या वहीला लावा.

रेकी म्हणजे काय ते आता सांगतो, कारण घेणाऱ्यांना वाटतं पोरं नुसती फिरून चहा पिऊन येतात. सभेच्या आदल्या दिवशी एक जण गावात दोन तास काढतो. बसथांबा, पानटपरी, दूध डेअरी, ग्रामपंचायतीचा फलक. तो विचारतो पाणी किती दिवसांनी येतं, शेवटची एसटी कितीला जाते, स्मशानाकडे जाणारा रस्ता झाला का, गावात अलीकडे कोणाकडे दुःख झालं आहे. हे शेवटचं फार महत्त्वाचं. ज्या गल्लीत कालच दशक्रिया झाली तिथं पहिलं वाक्य विनोदाचं आलं तर सभा तिथंच संपली. गावाचं नावही नीट लिहून आणतो. खान्देशात बुद्रुक-खुर्द तर आहेतच, शिवाय बऱ्याच गावांच्या नावापुढे 'प्र.' लावून जुन्या परगण्याचं नाव येतं. एकाच नावाची दोन गावं तालुक्यात असली आणि भाषणात दुसऱ्याच गावच्या पुलाचं श्रेय घेतलं तर काय होतं, ते सांगायला नको. रेकीतून आलेली चार वाक्यं भाषणात पहिल्या दोन मिनिटांत हवीत. भाषणवाला ती तिसऱ्या पानावर टाकतो, तिथून ती उचलून वर आणायला लावा.

नावांची चिठ्ठी हा स्वतंत्र ताप. मंचावर चाळीस माणसं असली आणि प्रत्येक नाव पदासह घेतलं तर एकाला सात-आठ सेकंद, म्हणजे पाच मिनिटं नुसती नावांतच जातात. यांच्या चिठ्ठीत नावं तीन गटांत असतात : घ्यायचीच अशी सात, वेळ असेल तर दहा, उरलेल्यांसाठी 'मंचावरील सर्व मान्यवर'. गट पाडायचं काम मात्र पोरांवर सोपवू नका. कोण कोणावर रुसलंय हे कार्यालयालाच ठाऊक असतं. सभा सुरू झाल्यावर आलेल्यांची नावं घालायला चिठ्ठीच्या तळाशी पाच ओळी कोऱ्या हव्यात, हे त्यांना दरवेळी सांगावं लागतं.

कागदाबद्दल. मुख्य भाषण ए-फोरवर, वीस-बावीस पॉइंटमध्ये, ओळींत दीडपट अंतर, आणि मजकूर पानाच्या वरच्या दोन तृतीयांशातच असावा. पूर्ण पान भरलं की शेवटच्या ओळींना नेत्याची मान खाली जाते, आवाज माईकपासून सुटतो आणि फोटोत टक्कल येतं. वाक्य एका पानावरून दुसऱ्यावर जाऊ द्यायचं नाही. स्टेपल नको, कारण पान उलटताना माईकमध्ये खसखस ऐकू येते. सुटी पानं बाजूला सरकवता येतात. पान क्रमांक वर कोपऱ्यात मोठा, कारण वाऱ्यानं पानं उडतातच. आकडे अक्षरांत : '१,२५,०००' वाचताना अडखळतो तो माणूस 'सव्वा लाख' बिनचूक म्हणतो. या सगळ्यात ही जोडी चांगली आहे. चुकतात ते फाइल पाठवताना. भाषणवाला अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करतो. त्याच्या संगणकावर सगळं छान दिसतं, कार्यालयाच्या संगणकावर उघडलं की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी. रात्री साडेअकराला हे कळलं तर झेरॉक्सचं दुकानही उघडं नसतं. पीडीएफच मागा, सोबत युनिकोडमधली फाइलही मागा, आणि दोन्ही सभेच्या आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत. उशीर झाला तर किती पैसे कापणार ते आधी लिहून घ्या.

तालमीचा एक तास पाकिटात धरलेला आहे, पण बहुतेक नेते तो घेत नाहीत. निदान गाडीत तरी घ्या. पंचवाला समोरच्या सीटवर, कार्डं नेत्याच्या हातात, आणि फक्त शेवटच्या ओळी चार वेळा म्हणायच्या. नेता स्वतःच स्वतःच्या विनोदाला आधी हसत असेल तर ते तिथंच थांबवता येतं.

घ्यायचं ठरलं तर असं घ्या : पानांच्या हिशेबानं सौदा करू नका, दिवसाच्या हिशेबानं करा, रेकी धरून. आधी एखाद्या लहान कोपरा सभेला पंचवाल्याला एकट्याला बोलवून बघा. त्याच मतदारसंघात, किंवा शेजारच्या तालुक्यात, त्याच हंगामात तेच कार्ड दुसऱ्या कोणाला विकणार नाही, हे लेखी घ्या. असे प्रकार होतात, आणि दोन नेत्यांनी एकाच आठवड्यात 'थर्मामीटर शेजारच्या शिवारात' म्हटलं की पेपरवाल्यांना आयती चौकट मिळते. भाषण कोणी लिहिलं हे पोरांनी सोशल मीडियावर सांगायचं नाही, हेही त्याच कागदात. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले सभेनंतर दुसऱ्या दिवशी. आणि सभेला पंचवाल्याला मंचामागे उभं करू नका, मागच्या भोंग्याच्या खांबापाशी उभं करा. कुठल्या कार्डाला हशा तिथपर्यंत आला आणि कुठल्याला नाही, ते तो पुढच्या सभेच्या आत पेन्सिलीनं कार्डामागे लिहून देतो.